मचव्यावरचं घर : चाचे बायकांची चित्रकथा मुलांसाठी कशी रचावी, काढावी आणि छापावी

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी २४ पानांची, काळ्या-पांढऱ्या चित्रांची, झेरॉक्सवर निघेल अशी साहसकथा करायची आहे, असं धरून हे लिहिलं आहे. नायिका समुद्रावरची, मचव्यावर म्हणजे लहान शिडाच्या बोटीवर राहणारी. तिचं जन्माचं घर सुटलेलं आणि जहाजावरची माणसं हळूहळू तिची होत जातात. मुलांना हा साचा फार आवडतो, पण तो बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. अठराव्या पानावर कुणीतरी म्हणतं, "आता आपणच एकमेकांचं कुटुंब!" आणि मागच्या सतरा पानांत त्या कुटुंबाचं काहीही घडलेलं नसतं. मानलेली नाती कामातून घट्ट होतात. कोण कोणाचं वल्हं धरतं, कोणाच्या वाटणीचं पाणी कोण राखून ठेवतं, कोणाच्या पहाऱ्याला कोण जागतं, हे चित्रात दिसलं की संवादात सांगावंच लागत नाही. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आधी खऱ्या बायका

कथा काल्पनिक असली तरी खऱ्या चार बायकांची माहिती हाताशी ठेवा. ॲन बॉनी आणि मेरी रीड कॅरिबियन समुद्रात रॅकहॅम या चाच्याच्या जहाजावर होत्या. १७२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये जमैकात त्यांच्यावर खटला चालला. त्यांनी लुटलेल्या एका बाईने साक्षीत सांगितलं, की दोघींच्या अंगावर पुरुषी कोट आणि लांब पायजमे होते, डोक्याला रुमाल बांधलेले होते आणि हातात सुरा-पिस्तूल होतं. चित्रकाराला असा तपशील फार उपयोगी पडतो, कारण तो कुणाच्या कल्पनेतला नाही, डोळ्यांनी पाहिलेला आहे. आयर्लंडची ग्रेस ओमॅली १५९३ मध्ये इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला जाऊन भेटली. कैदेतला मुलगा आणि सावत्र भाऊ सोडवणं हे तिचं काम होतं. चीनच्या दक्षिण समुद्रात झेंग यी साओने नवऱ्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८०७ पासून, प्रचंड मोठा ताफा सांभाळला आणि १८१० मध्ये सरकारशी तह करून ती सुखरूप बाहेर पडली. तिच्या ताफ्यात लुटीची नोंद व्हायची. दहातले दोन भाग आणणाऱ्याला, उरलेले आठ सामाईक कोठारात.

हे सामाईक कोठार तुमच्या कथेचं बीज आहे. चाच्यांच्या जहाजावर करार असायचा. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाचे नियम १७२४ च्या एका पुस्तकात छापले गेले, म्हणून आपल्याला माहीत आहेत. प्रत्येकाला एक मत, ताज्या अन्नावर सगळ्यांचा सारखा हक्क, कप्तानाला दोन वाटे, आणि कामात हातपाय गमावला तर सामाईक पैशातून भरपाई. त्याच नियमांत जहाजावर मुलं आणि बायका आणायला बंदीही होती. मुलांच्या पुस्तकात ही दुसरी बाजू लपवू नका. नायिकेच्या जहाजावरचे नियम कुणी आणि का बदलले, यातून एक अख्खं पान उभं राहतं.

फळीवरून कैद्याला समुद्रात चालवणं आणि पुरलेल्या खजिन्याचा नकाशा या गोष्टी जवळजवळ पूर्णपणे कादंबऱ्यांतून आल्या आहेत. दोन्ही टाळल्यात तर कथेला आपोआप ताजेपणा येईल.

काळ आणि पाणी

मुंबईच्या मुलांसाठी लिहिताय तर मुंबईचंच पाणी घ्या. आमच्या मते १७२५ च्या आसपासचा काळ सगळ्यात भरघोस आहे. मुंबई बेटांवर ईस्ट इंडिया कंपनी आहे. उत्तरेला वसईत पोर्तुगीज आहेत, ते १७३९ पर्यंत टिकले. दक्षिणेला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आणि खांदेरीवर सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे आहेत, १७२९ पर्यंत. आणखी खाली जंजिऱ्यावर सिद्दी. एवढ्याशा किनाऱ्यावर चार सत्ता, आणि प्रत्येकीची पोरकी, पळालेली, हरवलेली मुलं. एकाच बोटीवर चारही बाजूंची माणसं आणलीत की भांडण आणि माया दोन्हींना कारण मिळतं.

इथे एक पथ्य पाळा. कंपनीच्या कागदांत कान्होजींना चाचा म्हटलं गेलं, पण ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. ते व्यापारी जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, द्यायचे आणि ज्याच्याकडे दस्तक नसेल ते जहाज त्यांची माणसं पकडायची. त्यांना तुमच्या कथेतले चाचे बनवू नका. तुमची बोट अशी असू द्या, की जिच्याकडे कोणाचाच परवाना नाही. मग कंपनीला ती चोर वाटते आणि आंग्र्यांच्या गलबतालाही चोरच वाटते. दुसऱ्या पानावर ठळक लिहा : "ही गोष्ट काल्पनिक आहे. ठिकाणं आणि काळ खरे आहेत." मुलं शाळेच्या वहीत काहीही इतिहास म्हणून उतरवतात, त्यामुळे ही ओळ गाळू नका.

अजून एक प्रश्न हुशार मुलगी हमखास विचारेल. कोळणी मासे विकतात, वाळवतात, बाजार चालवतात, पण खोल समुद्रात होडी घेऊन जाणं हे परंपरेने पुरुषांचं काम. मग ही बाई तांडेल, म्हणजे बोटीची प्रमुख, कशी झाली? उत्तर पहिल्या दहा पानांत, दोन चौकटींत द्या. नवरा परत आला नाही आणि मचवा मात्र परत आला, एवढंही पुरतं.

बोट कोणती

गुराब आणि गलबत ही नावं ऐकायला छान वाटतात, पण आकडे बघा. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. पुढचं टोक लांब आणि सखल, त्यातून समोर रोखलेल्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त सत्तरेक टन, पण त्यालाही चाळीस-पन्नास वल्ही. पाच पात्रांनी गलबत हाकलेलं दाखवलंत तर दहा वर्षांचा मुलगाही हिशेब करून हसेल. म्हणून नायिकेची बोट मचवा ठेवा : एक डोलकाठी, एक मोठं तिरकं शीड, सहा वल्ही, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक छोटी फिरती तोफ. गुराब-गलबतं समोरच्या बाजूला येऊ द्यात, म्हणजे नायिकेची बोट किती इवलीशी आहे हेही चित्रात कळतं.

मचव्याला चाकासारखं सुकाणू काढू नका. सुकाणूला लाकडी दांडा असतो आणि धरणाऱ्याला पूर्ण अंग लावावं लागतं. कथेला याचा फायदाच होतो, कारण वाऱ्यात तो दांडा एकटीला आवरत नाही आणि दुसरे दोन हात येतात. दोर काथ्याचे. बंदूक तोड्याची, म्हणजे जळता तोडा लावून उडणारी, त्यामुळे पावसात ती बंद पडते. आगपेटी अजून शंभर वर्षं दूर आहे, चकमक वापरा. चहा नको, त्या काळी खलाशाच्या हातात चहाचा पेला नव्हता. पेज, तांदळाची भाकरी, सुकट, सुके बोंबील, नारळ, आमसूल आणि गोड्या पाण्याचं पिंप. कवटीचा काळा झेंडाही नको, तो युरोपी चाच्यांचा आहे.

बघून काढायचं असेल तर भाऊचा धक्का, वरळी कोळीवाडा आणि पहाटेचं ससून डॉक. आजच्या बोटींना इंजिन आहे, मागचा भाग वेगळा आहे, तेव्हा बोटीची हुबेहूब नक्कल करू नका. हात बघा. दोर ओढताना पाठ कशी वाकते, टोपली डोक्यावर चढवताना मान कशी ताठ होते, चढउताराला पाय कुठे टेकतो. कोळणीचं गुडघ्यापर्यंतचं, काष्टा घातलेलं लुगडं पळायला आणि शिडाच्या दोरावर चढायला किती सोयीचं आहे, ते तिथेच कळतं. लोक कामात असतात. विचारून बसा, वाटेत बसू नका, चित्र काढण्याआधी ज्यांचं काढताय त्यांची हरकत नाही ना ते बघा. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. भरतीची वेळ पाहूनच निघा.

माणसं पाच, त्याहून जास्त नकोत

चोवीस पानांत वाचकाला पाचच चेहरे नीट लक्षात राहतात. नमुन्यासाठी अशी टोळी घ्या. येसू, पन्नाशीची तांडेल. सकिना, राजपुरीची सिद्दी, तोफ तिच्याकडे. इनास, वसईची सोळा वर्षांची, शिडं शिवते आणि सुतारकामही करते. वालजी, गुजरातेतल्या घोघ्याचा म्हातारा खारवा म्हणजे खलाशी, एक हात गेलेला, चूल त्याच्याकडे. आणि मंजी, माझगावची अकरा वर्षांची, नवी आलेली.

प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहून काढा : त्याचं काम कोणतं, त्यातलं काय त्याच्याशिवाय कोणाला येत नाही, आणि त्याला स्वतःला काय जमत नाही. वालजीला एका हाताने गाठ मारता येत नाही. सकिनाला रात्री दूरचं दिसत नाही. इनासला पोहता येत नाही. येसूला वाचता येत नाही, म्हणून पकडलेले कागद कोणीतरी वाचून दाखवावे लागतात. आता प्रत्येकाचं "जमत नाही" दुसऱ्या कोणाच्या तरी "येतं"शी जोडा. दहा-बारा दुवे निघतात. कथेतला प्रत्येक प्रसंग यातल्या एका दुव्यावर उभा करा. एखाद्या पात्राला कमतरताच सापडत नसेल, तर ते पात्र या बोटीवर परकंच राहील आणि मुलांनाही ते आवडणार नाही.

येसू सगळ्यांची आई आहे, असं सुरुवातीलाच ठरवून टाकू नका. ती बोटीची मालकीण आहे, रागीट आहे, हिशेबी आहे. मंजी तिला सुरुवातीला "ओ तांडेल" म्हणेल, मग इतरांसारखं "येसूबाय". पुढे कधीतरी घाईत, दोर सुटत असताना, तोंडातून "आये" निघेल. कोणी त्यावर काही बोलू नये, येसूने मागे वळूनही पाहू नये. तिने फक्त दोर पकडावा. एवढा एकच बदल ठेवा. तो दर दोन पानांनी केलात तर वाया जातो.

सकिनाच्या चित्राबद्दल विशेष काळजी घ्या. जाड ओठ आणि पांढरे डोळे असल्या जुन्या, अपमानकारक पद्धतीने सिद्दी माणूस काढू नका. खऱ्या माणसांचे फोटो बघून चेहरा घडवा, केसांची ठेवण, कपाळ, हनुवटी तिची स्वतःची असू द्या. वालजीचा गेलेला हात हे खलनायकाचं चिन्ह नको आणि दयेचाही विषय नको. करारानुसार त्याला भरपाई मिळाली आणि त्याने चूल मागून घेतली, इतकं पुरे. गुलामांचा व्यापार या किनाऱ्यावर होता. सकिनाच्या भूतकाळात तो येऊ द्या, पण फटके आणि साखळ्या रंगवून दाखवू नका. तिच्या मनगटावरचा वण आणि त्यावर बांधलेला कापडाचा तुकडा मुलांना समजतो.

पाच पात्रांची ओळख बाह्यरेषेवरून पटली पाहिजे. प्रत्येकाला दोन सेंटीमीटर उंचीचं काढा, आतून पूर्ण काळं करा आणि एखाद्या मुलाला विचारा, कोण कोण आहे? दोन आकृत्यांत गोंधळ झाला तर उंची, डोक्यावरचं किंवा उभं राहणं बदला. चेहऱ्याने काम भागणार नाही, कारण छापील चौकटीत चेहरा अनेकदा वाटाण्याएवढा असतो.

भरती-ओहोटीने कथानक बांधा

मुंबईच्या समुद्रावरची साहसकथा लिहून भरती-ओहोटी वापरली नाही, तर हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार सोडून दिल्यासारखं आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे भरतीची अदमासे वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तीच वेळ दिवसाही आणि रात्रीही, कारण दोन भरतींत साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी.

आता पाठलाग रचू. पौष पौर्णिमेची रात्र. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री सव्वाअकराला भरती आणि पहाटे साडेपाचच्या सुमाराला ओहोटी. मचवा शिवडीच्या चिखलाच्या उथळ भागाकडे वळतो, कंपनीचं जड जहाज मागे. अडीचच्या आसपास, पाणी निम्मं उतरलेलं असताना, मचवा चिखलावरून सरकून जातो आणि जहाज रुततं. त्याच पातळीचं पाणी परत यायला सकाळचे साडेआठ वाजणार. म्हणजे मंजीकडे सहा तास आहेत. जहाजावर कैदेत असलेल्या इनासला सोडवायला ही मुदत पुरते, आणि वाचकाला चौकटीगणिक पाणी आधी उतरताना आणि साडेपाचनंतर चढताना दाखवता येतं. घड्याळ काढायची गरज नाही, एक खुंट काढा आणि त्यावर पाणी आधी खाली जाऊ द्या, मग वर वर येऊ द्या.

चंद्रही बरोबर ठेवा. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर असतो, अडीच-तीनला पश्चिमेकडे कललेला, सूर्य उगवताना मावळतीला. शिवडीहून पश्चिमेला मुंबई बेट आहे, तेव्हा उजेड बेटाच्या बाजूने येईल आणि सावल्या पूर्वेला, बंदराच्या पाण्याकडे पडतील. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळताना दाखवणं ही नेहमीची चूक. तिथे तो पाण्यावर उगवतो, मावळतो वरळीला. वारा : हिवाळ्यात रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, दुपारनंतर खारे वारे उलटे येतात. पहाटे बंदराबाहेर पडणारी बोट शीड भरून जाईल, दुपारी त्याच वाटेने बाहेर पडायला तिला झगडावं लागेल. पावसाळ्यात शिडाच्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवत. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये लढाई नको. मात्र पाचजण एका झोपडीत अडकलेली चार पानं हवी असतील तर पावसाळ्याइतका चांगला ऋतू नाही.

करवंट्यांचं पान

नातं चित्रात कसं दिसतं, याचा एक नमुना सविस्तर. सहावं पान. मंजीला चोरून बोटीवर चढल्यावर पकडलेलं आहे, रात्र झाली आहे. पानावर चार चौकटी, एकही शब्द नाही.

पहिली, पूर्ण रुंदीची : फळीवर ओळीने चार करवंट्या, वालजीचा एकुलता हात पळीने पेज वाढतो आहे. चेहरे चौकटीबाहेर. दुसरी, लहान : मंजी कोपऱ्यात, गुडघे पोटाशी, नजर करवंट्यांवर. तिसरी, लहान : सकिनाच्या हातात नारळ, कोयत्याचा घाव. चौथी, पुन्हा पूर्ण रुंदीची, पहिलीसारख्याच कोनातून : पाच करवंट्या. पाचवी पांढरीशुभ्र, कडेला शेंड्या अजून लटकलेल्या, आणि प्रत्येकीत पेज पहिल्यापेक्षा बोटभर कमी.

शेवटचा तपशील सगळ्यात महत्त्वाचा. नवं माणूस आलं की प्रत्येकाच्या वाट्याचं थोडं कमी होतं, आणि ते कोणीही बोलून दाखवलं नाही. पहिल्या आणि चौथ्या चौकटीचा कोन एकच ठेवला तरच पेजेची पातळी तुलना करून दिसते. कोन बदललात तर पान मेलं. पुढे चौदाव्या पानावर भांडण होतं तेव्हा मंजीची करवंटी पालथी पडलेली काढा. सतराव्या पानावर, इनास पकडली गेल्यावर, वालजी सवयीने तिच्या करवंटीत पेज वाढतो आणि थांबतो. इनास नाही हे चित्रातच कळतं. अशी एखादीच वस्तू निवडा आणि पुस्तकभरात तीन-चारदाच आणा.

पानांची मांडणी

चोवीसमधलं पहिलं पान मुखपृष्ठ, दुसऱ्यावर नकाशा आणि काल्पनिक असल्याची ओळ, तेविसाव्यावर मचव्याचं भागांसकट चित्र, चोविसावं मलपृष्ठ. कथेला उरतात तीन ते बावीस, म्हणजे वीस पानं. मंजीचं घर सुटणं तीन पानांत आटोपा. लेखक इथे हमखास सात पानं घालवतात आणि मग बोटीवरच्या कामाला जागा उरत नाही. बोटीवर येणं आणि काम शिकणं यांना आठ पानं द्या. हा भाग कापायचा मोह होईल, कारण त्यात लढाई नाही, पण पुस्तकाचा जीव इथे आहे. भांडण आणि फाटाफूट तीन, पाठलाग आणि सुटका पाच, शेवटचं एक.

उजवीकडे नेहमी विषम पान येतं. पान उलटल्यावर दिसतं ते सम. म्हणून प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि उत्तर पुढच्या सम पानावर. आश्चर्याचं चित्र उजव्या पानावर ठेवलंत तर मुलाचा डोळा डावं पान वाचण्याआधीच तिकडे जातो. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र फक्त १२-१३ वर, कारण ती दोन पानं एकाच कागदावर शेजारी छापली जातात. इतर कुठेही पसरलेलं चित्र मधोमध दोन-तीन मिलिमीटर सरकतंच.

एका पानावर चार ते पाच चौकटी, संवादाच्या एका फुग्यात जास्तीत जास्त वीस शब्द, पानभर मिळून साठ-सत्तर. संहिता लिहिताना प्रत्येक चौकटीसाठी एकच क्रिया लिहा. "मंजी दोर ओढते, मागे वळते आणि हसते" या तीन चौकटी आहेत. संहिता झाली की चोवीसही पानं आगपेटीएवढ्या आकारात एकाच कागदावर रेखाटा. लांबून बघितल्यावर सलग तीन पानं सारखी दिसत असतील तर मांडणी बदला.

काढणं आणि अक्षरं

मूळ चित्र ए-फोर कागदावर काढा, छपाई ए-फाइव्हला, म्हणजे झेरॉक्सवर ७१ टक्के. कागद १५० ते २०० जीएसएमचा (हे कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा, चारी बाजूंनी १५ मिलिमीटर समास. रेषा ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, लहान केल्यावर ती तुटते. शाई पाण्याने न पसरणारी घ्या आणि मोठे काळे भाग ब्रशने भरा. करडी छटा झेरॉक्समध्ये डागाळते, म्हणून रात्र आडव्या रेघांनी आणि ठिपक्यांनी दाखवा. घडीवर भरीव काळं येऊ देऊ नका, तिथली शाई घडी घातल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. जुलैच्या दमटपणात कागद लाटा मारतो आणि शाई वाळायला दुप्पट वेळ लागतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा.

आधी अक्षरं, मग फुगा. उलट केलंत तर शेवटच्या ओळीचे उकार फुग्याच्या कडेवर चढतात. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडा. फुगा गोल नको, आडवा लंबगोल हवा. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका, लहान वाचक तिथेच अडखळतो. छापल्यावर अक्षर १२ पॉइंटचं यायला हवं, म्हणजे मूळ चित्रावर १७. जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे उभा हवा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. ओरडणं मोठ्या, जाड, वेड्यावाकड्या हस्ताक्षराने दाखवा.

संगणकावर अक्षरं टाकणार असाल तर मुक्त किंवा बलू हे मोफत फाँट मुलांसाठी स्वच्छ आहेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मजकुराची सेटिंग दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलून घ्या, नाहीतर "कि"ची वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. इंकस्केपमध्ये ही अडचण सहसा येत नाही. आवाजाचे शब्द मात्र हातानेच काढा : वल्ह्यांचं चुबुक-चुबुक, शिडाचं फडफड, तोफेचं धडाम, चिखलात रुततानाचं चर्रर्र. कोळी बोलीतले दोन-चार शब्द पुरेत, आणि ते कोळीवाड्यातल्या कुणाकडून तरी तपासून घ्या. अख्खा संवाद बोलीत लिहायचा असेल तर लिहिणारा त्या बोलीत वाढलेला असावा.

छपाई

सहा ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी, म्हणजे बारा छपाया. एका बाजूला दोन रुपये धरले तर प्रत चोवीस रुपयांत पडते. एका बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी पंचवीस : २४ आणि १, पाठीमागे २ आणि २३, मग २२ आणि ३, पाठीमागे ४ आणि २१, असं मधल्या १२-१३ पर्यंत. दुकानात देण्याआधी कोऱ्या कागदाची घडी घालून पेन्सिलने आकडे टाकलेली नमुना-वही बरोबर न्या, तोंडी सांगून हे कुणालाच नीट कळत नाही. बॅक-टू-बॅक करताना कागद आखूड कडेवर उलटला पाहिजे. लांब कडेवर उलटला तर मागची पानं डोक्यावर उभी येतात.

आतले कागद १०० जीएसएम, कारण ८० च्या कागदातून मागचं काळं दिसतं. बाहेरचा एक १७० चा, त्याला दुमडण्याआधी क्रीझ मारून घ्या. मध्यभागी दोन पिना, लांब हाताच्या स्टेपलरने. एकात एक घातल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात, ती कापावी लागतात, म्हणून पानांचे आकडे बाहेरच्या कडेपासून किमान आठ मिलिमीटर आत ठेवा. पहिल्यांदा पंचवीसच प्रती काढा.

या पंचवीसपैकी पाच प्रती मुलांच्या हातात द्या, काहीही न सांगता. शेजारी बसा आणि बोट बघा. ते कुठे थांबतं, कुठे मागे जातं, कुठलं पान न वाचताच उलटलं जातं, ते नोंदवा. "आवडलं का?" विचारू नका, सगळी मुलं हो म्हणतात. "सहाव्या पानावर काय झालं?" असं विचारा. पाचातल्या तिघांनी पेज कमी झाल्याचं सांगितलं नाही, तर पहिल्या आणि चौथ्या चौकटी मोठ्या करा, पातळीतला फरक वाढवा आणि तेवढाच एक कागद पुन्हा छापून घ्या : एका बाजूला ६ आणि १९, दुसऱ्या बाजूला २० आणि ५.